सूक्ष्मदर्शकामागची माणसे

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयातून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीच्या पदवीपत्रावर आज सावित्रीबाई फुले यांचे नाव असते. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाला २०१४ साली हे नाव देण्यात आले आणि नाशिक जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली हे आपल्या घरातील शाळकरी मूलही सांगेल. त्यांचा मृत्यू कशाने झाला हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले असता त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या, त्यांना स्वतःलाच संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्या जंतूने त्यांचा बळी घेतला तो जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची विद्या आज त्यांच्याच नावाने मिळणाऱ्या पदवीत शिकविली जाते. हा योगायोग आम्हांला विचार करावयास लावणारा वाटतो.

या विषयाकडे वळण्याचे कारण अगदी घरगुती आहे. बारावीचे निकाल लागले की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आईवडिलांची एकच चर्चा कानी पडते : मुलाचा मेडिकलला नंबर लागला का? लागला असेल तर पेढे वाटले जातात. नसेल तर खाली मान घालून कोणी सांगते, ‘नाही हो, आता बी.एस्सी.ला घातले आहे.’ त्या ‘आता’मध्ये जी निराशा असते ती आम्हांला अस्थानी वाटते. आपल्या घरांतून परिचारिका पुष्कळ निघाल्या, डॉक्टरही निघाले. रोगाचे मूळ शोधणाऱ्या, लस तयार करणाऱ्या, रक्ताचा थेंब पारखणाऱ्या शास्त्रज्ञाची वाट मात्र आपल्याला अजून परकी वाटते. वस्तुतः महाराष्ट्रात या वाटेला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि तिच्या अगदी आरंभाशी आपल्याच श्रद्धेचा एक माणूस उभा आहे.

मांडवीतील निदान

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, बंदराजवळच्या धान्याच्या वखारी आणि दाटीवाटीच्या चाळी यांमध्ये, तीव्र ताप आणि जांघेत गाठ येऊन माणसे दोनतीन दिवसांत दगावू लागली. तेथे रुग्ण पाहणारे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे कॅथलिक गृहस्थ, ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर. हा गाठीचा प्लेग आहे असे निदान त्यांनी केले आणि ते उघडपणे सांगितले. प्लेग हा शब्द उच्चारणे त्या वेळी सोपे नव्हते. एकदा तो उच्चारला की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार, कापसाचा व्यापार ठप्प होणार, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे ‘संशयास्पद ताप’ असा मोघम शब्द वापरण्याकडे अनेकांचा कल होता. व्हिएगस यांनी तसे केले नाही. पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत त्यांचे निदान खरे ठरले. त्यांनी वस्त्यांच्या स्वच्छतेसाठी खटपट केली आणि लस आल्यावर सुमारे अठरा हजार लोकांना ती स्वतः टोचली असे सांगितले जाते. १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाजवळ मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्या शेजारून आपण अनेकदा गेलो असू. तो कोणाचा, हे विचारावयाचे राहून गेले असेल.

एक खोली, एक कारकून, तीन शिपाई

निदान झाले, पण उपाय काय? सरकारने ज्यांना कलकत्त्याहून बोलावून घेतले ते वाल्देमार हाफकिन वैद्यकीय पदवीधर नव्हते, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ओडेसा येथे जन्मलेला हा ज्यू प्राणिशास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत असता त्याने कॉलऱ्याची लस तयार केली होती. १८९६ च्या ऑक्टोबरात तो मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळाली एक खोली आणि लगतचा सोपा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या पातळ अर्कात तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याने प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले आणि त्यांपासून लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

दरम्यान रोग पसरतच होता. नाशिक जिल्हाही त्यातून सुटला नाही. शहराजवळच्या भगूर गावी १८९९ साली दामोदरपंत सावरकर प्लेगने वारले आणि त्यांची मुले पोरकी झाली, हे सावरकर बंधूंच्या चरित्रांतून आपल्याला ठाऊक आहे. ज्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत अशी किती घरे त्या साथीत बसली, याची कल्पनाच केलेली बरी.

त्याच १८९९ साली हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये नेण्यात आली. या वास्तूचा पूर्वेतिहास आपल्या वाचकांना रोचक वाटेल. गव्हर्नरांचे निवासस्थान होण्यापूर्वी तेथे येशूसंघीयांचा मठ व प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ते ताब्यात घेतले. पुढे गव्हर्नरांच्या मेजवान्या तेथे झडल्या आणि अखेरीस तेथे काचेच्या नळ्या व उबवणपेट्या आल्या. १९२५ साली या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ती संस्था आजही त्याच जागी उभी आहे.

जमिनीवर पडलेला चिमटा

या कथेला एक दुःखद प्रकरणही आहे आणि ते आपण टाळू नये. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष थेट हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला. लस निर्जंतुक करण्याची पद्धत त्याने बदलली म्हणून हे घडले, असे म्हटले गेले. त्याला पदावरून दूर करण्यात आले. परंतु इतर बाटल्यांत काहीच दोष नव्हता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच बुचाला लावला गेला, ही गोष्ट पुराव्यात नोंदलेली होती. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ साली त्याच्यावरील किटाळ दूर झाले. तोपर्यंत त्याच्या उमेदीची पाच वर्षे गेली होती. मुल्कोवालची माणसे तर परत येणारच नव्हती.

हे प्रकरण आम्ही मुद्दाम सांगितले. प्रयोगशाळेतील काम म्हणजे पडद्यामागचे, बिनजोखमीचे काम असा समज असतो. तो खरा नाही. डॉक्टरसमोर रुग्ण असतो. प्रयोगशाळेतील माणसासमोर केवळ बाटली असते आणि त्या बाटलीमागे न दिसणारी शंभर माणसे असतात. एक चिमटा पुन्हा उकळून घ्यावयाचा की नाही, हा प्रश्न पाहणारे कोणी नसताना सोडवावा लागतो. तेथे बुद्धीइतकेच विवेकबुद्धीचे काम असते.

कमलाबाईंचा सत्याग्रह

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक नाव सांगितले पाहिजे. कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत चमकल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाई बंगळुरास जाऊन ठाण मांडून बसल्या. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे इतर मुलींसाठीही ते दार उघडले. तेथून त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी हे द्रव्य श्वसनक्रियेत भाग घेते हे त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळविली. भारतात परतल्यावर, कमला सोहोनी या नावाने, मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी, भाताचे पदार्थ आणि नीरा यांतील पोषणमूल्यांवर विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतले. गरिबाच्या ताटातील अन्नाचा विचार त्यांनी प्रयोगशाळेत नेला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

१९५२ हे वर्ष या इतिहासात विशेष मोलाचे ठरले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या साली एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे भासते, पण त्या रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर ते घातक ठरते. जगभर तो ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. रोजची रक्ततपासणी करीत असता एक विसंगती नजरेस आली आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले गेले नाही, यातूनच हा शोध लागला. त्याच वर्षी डॉ. वसंत खानोलकर यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्राची स्थापना झाली. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या संशयाने घशाचा नमुना घेतल्यावर अहवालासाठी सारे कुटुंब पुण्याकडे डोळे लावून बसे, ते याच संस्थेकडे. तेथेच तो विषाणू वेगळा काढण्यात आला आणि त्यातूनच पुढे कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली.

नाशिकची दोन दारे

आता आपल्या शहराकडे येऊ. जून १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकला आले. तोपर्यंत राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये आपापल्या विभागातील विद्यापीठांना जोडलेली होती. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार या साऱ्या शाखा आता म्हसरूळच्या या एका विद्यापीठाखाली आल्या. रुग्णालयातील प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवीही या दाराने मिळते. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान या विषयांची विज्ञान पदवी मात्र सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठाची. दोन्ही दारे आपल्या घराजवळ आहेत. कोणत्या दाराने कोठे पोहोचता येते हे पालकांनी प्रवेशापूर्वीच समजून घ्यावे.

पदवीनंतर वाटा अनेक आहेत. रुग्णालये व रक्तपेढ्या यांच्या प्रयोगशाळा आहेत. पाणी आणि अन्न तपासणाऱ्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहेत. सातपूर, अंबड, सिन्नर या भागांतील औषध कारखान्यांना गुणवत्ता तपासणीसाठी सूक्ष्मजीवशास्त्र जाणणारी माणसे लागतात; औषधाची प्रत्येक खेप निर्जंतुक आहे की नाही हे तीच ठरवितात. नव्या औषधांच्या चाचण्यांत नोंदी ठेवणे आणि सहभागी माणसाची संमती व सुरक्षा जपणे हेही आज स्वतंत्र काम झाले आहे. भायखळ्याच्या तुरुंगातील चाचणी आजच्या नियमांत तशी बसली नसती. ज्यांना संशोधनाची ओढ आहे त्यांनी एम.एस्सी. करावे, राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवावी आणि पीएच.डी.कडे वळावे. परळ, पुणे, बंगळूर आणि परदेश यांची दारे त्यानंतर उघडतात.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. या पदवीने औषधोपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. केवळ बी.एस्सी.वर थांबणाऱ्याला आरंभी पगार बेताचाच मिळतो. संशोधन प्रकल्पांतील नेमणुका पुष्कळदा ठरावीक मुदतीच्या असतात. पीएच.डी. होईपर्यंत मुलगा तिशीच्या जवळ येतो आणि तोवर घराने धीर धरावा लागतो. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून रुसून येथे आलेला विद्यार्थी सहसा टिकत नाही. दह्याचे विरजण का लागते, विहिरीच्या पाण्याने जुलाब का होतात, असे प्रश्न ज्याला लहानपणापासून पडतात तो टिकतो.

व्हिएगस यांनी जे दिसले त्याला त्याच्या नावाने हाक मारली. हाफकिनने सुई आधी स्वतःला टोचली. कमलाबाईंनी बंद दारासमोरून उठण्यास नकार दिला. के.ई.एम.मधील डॉक्टरांनी एका विसंगत थेंबाकडे काणाडोळा केला नाही. या गुणांसाठी प्रवेश परीक्षा नसते. ते घरातच रुजवावे लागतात. तेव्हा येत्या जूनमध्ये चर्चच्या आवारात कोणी आपल्याला विचारले आणि आपल्या मुलीने सूक्ष्मजीवशास्त्र घेतले असेल, तर मान खाली घालण्याचे कारण नाही. सावित्रीबाईंनी पाठीवर वाहून नेलेल्या त्या मुलासारख्या मुलांसाठीच ती शिकणार आहे, असे खुशाल सांगावे.