डेम्प्सी आणि फिर्पो (चित्र)

अमेरिकन वास्तववादी चित्रकार जॉर्ज बेलोज (१८८२–१९२५) याचे १९२४ मधील तैलचित्र. आकार सुमारे १३० × १६१ सेंमी. विषय : १४ सप्टेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जगज्जेता जॅक डेम्प्सी व अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो यांच्यात झालेली हेवीवेट मुष्टियुद्धाची लढत. पहिल्याच फेरीत फिर्पो सात वेळा खाली पडला, तरीही उठून त्याने डेम्प्सीला दोरांमधून थेट वार्ताहरांच्या अंगावर पाडले. त्यांनीच त्याला पुन्हा वर ढकलले. तो किती सेकंद बाहेर होता, याविषयी एकमत नाही. दुसऱ्या फेरीत डेम्प्सीने फिर्पोला गारद करून जगज्जेतेपद राखले.

चित्रात मात्र कोसळतो आहे तो जेताच. न्यूयॉर्क ईव्हनिंग जर्नल या दैनिकासाठी बेलोज लढतीला हजर होता आणि चार मिनिटांच्या आत संपलेल्या झुंजीतून त्याने निकालाच्या नेमका उलटा क्षण उचलला. मग याला वास्तववाद का म्हणायचे? आक्षेप वजनदार आहे. शिवाय डेम्प्सी आपल्याच मांडीवर पडला असे बेलोजने पत्रात लिहिले असले, तरी त्याची स्वप्रतिमा मानली जाणारी टकली आकृती अगदी डाव्या कडेला आहे. पण कोण जिंकले, हे सांगायला वर्तमानपत्रे होती, चलच्चित्रणही झाले होते. चित्रकाराच्या वाट्याला उरली ती पाहणाऱ्याची जागा. मराठवाड्यातल्या जत्रेत कुस्तीचा फड जमिनीलगत असतो. इथे मंच उंच आहे आणि आपली नजर त्याच्या पायथ्याशी. डेम्प्सी आपल्याच दिशेने पाठमोरा येतो, त्याला सावरणारे हात आपल्या बाजूचे आहेत. ही साक्ष निकालाची नाही, पहिल्या रांगेची आहे, आणि त्या रांगेपुरती ती खरी आहे.

दुसरा आक्षेप शैलीचा. बेलोजच्याच ‘स्टॅग ॲट शार्कीज’ (१९०९) मध्ये रंग फटकाऱ्यांनी लावलेला आहे, बघ्यांचे चेहरे अंधारात विरघळतात. त्यापुढे हे चित्र गुळगुळीत आणि गोठलेले वाटते, असे म्हटले जाते. जे हॅम्बिज या कलासिद्धांतकाराच्या भूमितीय रचनातत्त्वाचा बेलोजवरील प्रभाव हे त्याचे एक कारण. पण खेळही बदलला होता. १९०९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जाहीर लढतींना बंदी होती. खाजगी क्लबाची पळवाट काढून, दारूच्या गुत्त्यामागे झुंजी होत. १९२० च्या वॉकर कायद्याने जाहीर लढतींना मान्यता मिळाली आणि या लढतीला सुमारे ८० हजार प्रेक्षक आले. चोरट्या अंधाराची जागा दिव्यांच्या झगमगाटाने घेतली असताना जुनेच फटकारे मारणे हीच नक्कल ठरली असती. रेषेचा हा ताठरपणा त्या नव्या खेळाला साजेसा आहे.

शिळामुद्रित चित्र : याच दृश्याचे, तैलचित्राआधीचे.

संग्रह : व्हिटनी संग्रहालय, न्यूयॉर्क (१९३१ पासून).