श्वानशिक्षणांतील दंड आणि विश्वास

कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण मनुष्यस्वभावाला उद्देशून असली, तरी शिक्षणाविषयींची एक जुनी समजूत तींत उघड होते : शिकविणें म्हणजे नळींत घालणें, आणि तें साधलें नाहीं तर दोष शेपटाचा. कुत्र्यास माणसानें कसकसें शिकविलें, याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे या समजुतीचा बराच उलगडा होतो. ज्यावर आपली पूर्ण सत्ता चालते, अशा जीवाशीं आपण कसे वागतों, हेंही त्यावरून कळतें. म्हणून हा विषय केवळ कुत्रीं पाळणारांपुरता नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ग्रीक लोकांनीं या विषयावर फार पूर्वीं लिहिलें आहे. झेनोफनच्या नांवानें चालत आलेल्या मृगयाग्रंथांत, शिकारी कुत्र्यांस हांक मारावयास सोपीं अशीं लहान नांवें ठेवावीं, अशी सूचना आहे. शिकंदराचा इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या एरियननें इ. स. च्या दुसऱ्या शतकांत या ग्रंथाला आपली पुरवणी जोडली. आपल्या होर्मी नांवाच्या कुत्रीविषयीं तो सांगतो कीं, लहानपणीं तिला चाबूक बसला होता. पुढें कोणीं चाबकाचें नांव जरी काढलें, तरी ती अंग चोरून त्याच्याजवळ जाई, त्याच्या गळ्यांत पडे आणि त्याचा राग निवळेपर्यंत त्यास सोडीत नसे. कुत्र्यानें माणसाजवळ निजावें, म्हणजे त्याचा लळा वाढतो, आणि चांगल्या कामाबद्दल नांव घेऊन त्याची स्तुति करावी, असाही त्याचा उपदेश आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत या कलेला शास्त्राचें रूप आलें, तें मात्र निराळ्या वातावरणांत. झारब्रुकेन येथील पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यानें १९०६ पासून पोलिसी कुत्रे तयार करण्यास आरंभ केला आणि १९१० मध्यें आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच्या पद्धतींत बक्षिसाला जागा होती. परंतु तिचा पाया बळाचा होता. कुत्र्यानें माणसाचें वरिष्ठत्व मानलें पाहिजे, आणि न मानल्यास तें त्यास शारीरिक बळानें मानावयास लावलें पाहिजे, हें तिचें सूत्र. महायुद्धांनंतर अशी लष्करी शिस्त गृहस्थांच्या अंगणांतही शिरली.

तिला पुढें लांडग्यांचा आधार मिळाला. १९४७ मध्यें रुडॉल्फ शेंकेल यानें बाझल येथील प्राणिसंग्रहालयांतील लांडग्यांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. कळपांत अग्रपदासाठीं झगडा चालतो, असें त्यास दिसलें. कुत्रा लांडग्याचा वंशज, तेव्हां तोही घरांत अग्रपद बळकावूं पाहतो. म्हणून धन्यानें आधीं जेवावें, दारांतून आधीं बाहेर पडावें, प्रसंगीं कुत्र्यास उताणा पाडून धरावें, असे नियम त्यावरून निघाले. परंतु शेंकेलचे लांडगे कोंडलेले होते. रानांतील कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच, आईबाप आणि त्यांचीं पिलें, असें डेव्हिड मेक यानें १९९९ मध्यें सप्रमाण मांडलें. याच मेकच्या १९७० च्या ग्रंथांत जुनें मत होतें. तो ग्रंथ छापणें थांबवावें म्हणून त्यानें प्रकाशकांकडे तगादा लावला, आणि अखेर २०२२ मध्यें तें थांबलें. तुरुंगांतील कैद्यांचें वर्तन पाहून गृहस्थधर्माचे नियम बांधावे, तसा हा प्रकार झाला होता.

बळाच्या पद्धतीची खरी कसोटी मात्र त्याच जर्मनींत दुसऱ्या एका कामीं लागली होती. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं १९१६ मध्यें ओल्डेनबुर्ग येथें मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा निघाली. अशा शाळेविषयीं स्वित्झर्लंडांत राहणाऱ्या डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनीं १९२७ मध्यें लेख लिहिला. तो वाचला गेल्यावर नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक हा अंध तरुण त्यांजकडे गेला, आणि १९२८ मध्यें बडी नांवाच्या कुत्रीसह न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता वृत्तपत्रकारांच्या देखत ओलांडता झाला. पुढच्याच वर्षीं ‘सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. या आरंभींच्या शाळांतही गळपट्ट्याचा झटका होताच. पण कामाची मागणीच विलक्षण ! धनी ‘पुढें चल’ म्हणतो आणि समोरून मोटार येते. अशा वेळीं कुत्र्यानें आज्ञा मोडून उभें राहिलें पाहिजे. मार चुकविण्यापुरती जो आज्ञा पाळतो, त्यास हें धैर्य कोठून यावें ? जेथें माणसाचा जीव कुत्र्याच्या स्वाधीन होतो, तेथें विश्वास दोहों बाजूंचा असावा लागतो.

पुढील संशोधनानें या अनुभवास पुष्टि दिली. पिलाच्या तिसऱ्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत त्यास माणसांचा सहवास घडला तर गट्टी सहज जमते, आणि तो काळ फुकट गेला तर बुजरेपणा कायम राहूं शकतो, हें स्कॉट व फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथानें दाखविलें. माणसानें बोटानें केलेली खूण ओळखण्यांत कुत्रा चिंपांझीसही मागें टाकतो, असें ब्रायन हेअर व त्याच्या सहकाऱ्यांना २००२ मध्यें आढळलें.

आज जिला नात्यावर आधारलेली शिकवण म्हणतात, ती यांतूनच आली. नित्याच्या संसारांत तिचें स्वरूप साधें आहे. हांक मारतांच कुत्रा आला, तर त्यास खाऊ किंवा शाबासकी मिळावी. उशिरां आला म्हणून मारूं नये, कारण तो मार त्याच्या मनांत येण्याशींच जोडला जातो. पाहुण्यावर उडी घेतो, तर त्यास बसावयास शिकवावें आणि बसल्यावर कौतुक करावें. दिवाळींत फटाक्यांना भिऊन पलंगाखालीं दडला, तर ओढून बाहेर काढूं नये. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केली, तर तो गुरगुरणें सोडतो, आणि चावण्यापूर्वींची सूचनाच नाहींशी होते. हे लाड नव्हेत. ताट, दार आणि रस्ता यांच्या मर्यादा येथेंही आहेत. त्या घरांतील सर्वांनीं रोज एकाच रीतीनें पाळावयाच्या असतात, आणि तें काठी उगारण्याहून पुष्कळ कठीण आहे.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाहीं. स्वर्गाच्या दाराशीं कुत्र्यास सोडण्याचें नाकारणारा युधिष्ठिर सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच महाभारताच्या आरंभीं जनमेजयाच्या सत्रांत आलेल्या एका निरपराध सारमेयास राजाचे भाऊ मारतात, ही कथा फारशी आठवली जात नाहीं. त्याची आई सरमा येऊन विचारते, यानें काय अपराध केला ? कोणीही उत्तर देत नाहीं, आणि तिचा शाप राजास लागतो. हातांत काठी घेणारानें सरमेचा हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा. बहुतेक वेळां असें आढळेल कीं, आपण काय सांगत होतों, हें त्या बिचाऱ्यास कळलेंच नव्हतें.