रेल्वेचे दहा लाख कर्मचारी आणि तुपाचा प्रश्न

दिव्यात रेल्वे म्हटलं की आठवते ती गर्दी. पण करोनरी धमन्यांच्या विकाराची कारणं शोधण्याच्या इतिहासात रेल्वेच्या नोंदींचंही एक पान आहे. रिसर्च मेथडॉलॉजीची तयारी करत असाल तर ते जरूर वाचा.

1950 च्या दशकात एका गृहीतकाने जोर धरला होता: संपृक्त चरबी जास्त खाल्ली की कोलेस्टेरॉल वाढतं आणि धमन्या अरुंद होतात. अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी 1958 मध्ये सात देशांचा अभ्यास हाती घेतला. इकडे पश्चिम रेल्वेचे मुंबईतले मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी 1958 ते 1962 या काळातल्या नोंदी तपासल्या. देशभरातले 18 ते 55 वयाचे दहा लाखांहून जास्त कर्मचारी! 1967 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष आला. दक्षिणेत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण उत्तरेच्या सुमारे सातपट होतं. आणि चरबी? ती उत्तरेतले लोक कितीतरी पट जास्त खात होते, तीही मुख्यतः दुधातुपाची.

मल्होत्रांनी तुपातल्या आखूड साखळीच्या मेदाम्लांकडे बोट दाखवलं, अन्न चावून खाण्याच्या सवयीचाही विचार केला. आज हाच पेपर 'तूप खा, हृदय सांभाळा' म्हणत फिरवला जातो. इथे थांबायचं.

डेटा मोठा आहे, मालकही एकच. पण तुलना प्रदेशांची आहे, माणसांची नाही. मद्रासमध्ये जो गेला तो स्वतः काय खात होता, हे प्रदेशाच्या सरासरीवरून कळत नाही. रॉबिन्सन यांनी 1950 मध्येच समाजशास्त्रात ही गफलत दाखवली होती. शिवाय पंचावन्ननंतरचे मृत्यू इथे मोजलेलेच नाहीत. तरी मला हा पेपर टाकाऊ वाटत नाही. फक्त चरबीवर सगळं ढकलता येत नाही, एवढं तो ठणकावून सांगतो.

माणसागणिक उत्तर हवं तर रचना बदलावी लागते. 2004 च्या इंटरहार्ट अभ्यासात भारतासह 52 देशांतले पहिला झटका आलेले रुग्ण घेतले आणि त्यांच्याच वयाच्या, लिंगाच्या निरोगी लोकांशी तुलना केली. धूम्रपान, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताण असे नऊ घटक मिळून सुमारे 90 टक्के धोका समजावतात, असं निघालं. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं लवकर येतो, हे 2007 मध्ये याच डेटातून पुढे आलं. कारण? हेच घटक आपल्याकडे कमी वयात जास्त आढळले.