कोलेस्टेरॉल घटले, तरी थायरॉइड तपासा

माजलगाव : रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल कमी आढळले, की रुग्ण निर्धास्त होतो. मात्र आहार वा औषधात बदल नसताना ते घटले आणि सोबत वजनही उतरू लागले, तर ती थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय झाल्याची खूण असू शकते.

गळ्याच्या पुढील भागातील ही ग्रंथी टी-३ व टी-४ ही संप्रेरके तयार करते. त्यांचे प्रमाण वाढल्यास यकृतात कोलेस्टेरॉलची निर्मिती वाढते. परंतु त्याचा निचरा त्याहूनही वेगाने होतो. यकृताच्या पेशींवरील ग्राहींची संख्या वाढून त्या रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेतात, तसेच कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर होते. त्यामुळे एकूण कोलेस्टेरॉल व 'वाईट' समजले जाणारे एलडीएल घटते. 'चांगले' एचडीएलही अनेकदा कमी होते. ट्रायग्लिसराइडमधील बदल मात्र प्रत्येक रुग्णात सारखा नसतो.

या घटीमुळे हृदय सुरक्षित झाले, असे समजू नये. अतिसक्रिय थायरॉइडमुळे हृदयाचे ठोके जलद व अनियमित होतात. त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. भूक असूनही वजन घटणे, धडधड, हातांना कंप, अति घाम, उष्णता सहन न होणे ही प्रमुख लक्षणे आहेत. बहुतेक रुग्णांत टीएसएच कमी, तर टी-३, टी-४ वाढलेले आढळतात.

कार्बिमाझोलसारख्या गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन अथवा शस्त्रक्रिया हे उपचार आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये मुंबईतील परळ येथे सुरू केलेले रेडिएशन मेडिसिन सेंटर किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारासाठी ओळखले जाते. बीड जिल्ह्यातील रुग्णांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही सल्ला घेता येईल.

उपचारांनी ग्रंथी ताळ्यावर आली, की कोलेस्टेरॉल पुन्हा वाढते. 'गोळीनेच चरबी वाढली' असे समजून औषध सोडणे घातक ठरते. कारण वाढलेला आकडा हीच बहुधा त्या व्यक्तीची मूळ पातळी असते. उपचारांनंतर ग्रंथी मंदावल्यास मात्र कोलेस्टेरॉल मूळ पातळीच्याही वर जाते. म्हणून थायरॉइड स्थिर झाल्यावर लिपिड तपासणी पुन्हा करावी. तोवर कमी आकड्यावर विसंबून कोलेस्टेरॉलची चालू गोळी परस्पर बंद करू नये.