छातीचा फोटो आणि गावचा दवाखाना

खोकला हटत नाही म्हणून छातीचा फोटो काढून आणावा, ही गोष्ट आज खेड्यापाड्यांतही इतकी अंगवळणी पडली आहे की, हा फोटो गावच्या दवाखान्यापर्यंत कोणत्या वाटेने आला आणि मध्यंतरी एकदा तेथूनच त्याला माघारी का धाडण्यात आले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः वैद्यकाच्या इतिहासातील हे प्रकरण फार उद्बोधक आहे. कारण यंत्र उत्तम असूनही ते कोठे, कोणासाठी आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी वापरावे, हे उमगण्यास मोठमोठ्या आरोग्यखात्यांनाही कित्येक दशके लागली.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत वुर्ट्‌सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्याचे एकस्व घेण्याचे त्यांनी नाकारल्यामुळे तो पाहता पाहता जगभर पसरला. हिंदुस्थानच्या भूमीवर त्याचा एक आरंभीचा उपयोग झाला तो लष्करी छावणीत. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत वॉल्टर बीव्हर या लष्करी शल्यचिकित्सकाने वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात हे नाजूक साहित्य वाहून नेले आणि जखमी शिपायांच्या देहात रुतलेल्या गोळ्या शोधून काढल्या. लगोलग सुदानच्या मोहिमेत बॅटर्सबी यांनी दोघांनी मिळून चालवावयाच्या सायकलीला डायनामो जोडला आणि शिपायांकडून पायटे मारवून बॅटऱ्या भरून घेतल्या. गोळी आहे की नाही, आणि असल्यास नेमकी कोठे, एवढाच तेथे सवाल होता, व चित्राने त्याचा निकाल निःसंदिग्धपणे दिला. फुफ्फुसाचा सवाल मात्र इतका सरळ नव्हता. तेथे उमटलेली सावली क्षयाची, जुन्या भरून आलेल्या व्रणाची, की निव्वळ न्यूमोनियाची, हे सावली स्वतः सांगत नाही.

तथापि ज्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते, त्या काळी रोग लवकर हेरणे हाच काय तो आधार होता, आणि त्यासाठी शेकडो निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या छात्या तपासणे आवश्यक होते. परंतु छातीएवढी फिल्म प्रत्येकासाठी खर्च करणे कोणत्याही खजिन्याला परवडणारे नव्हते. या अडचणीवर १९३६ साली रिओ दि जानेरो येथे मानुएल द आब्रेउ या ब्राझिलियन वैद्याने तोड काढली. प्रतिदीप्त पडद्यावर उमटलेल्या सावलीचेच त्यांनी साध्या कॅमेऱ्याने इवल्याशा फिल्मवर छायाचित्र घेतले, आणि एका रिळावर माणसांची रांगच्या रांग मावू लागली. माणसाने अंगरखा उतरवून यावे, हनुवटी वर टेकवून छाती पडद्याला भिडवावी, क्षणभर श्वास रोखावा आणि पुढच्याला जागा द्यावी, एवढ्यात काम भागे. ब्रिटनमध्ये महायुद्धाच्या काळात ही पद्धत सरकारी योजना म्हणून सुरू झाली, आणि १९५७ च्या मार्च-एप्रिलात ग्लासगो शहराने पाच आठवड्यांत सात लाखांहून अधिक नागरिकांच्या छातीचे फोटो काढण्याचा जो पराक्रम केला, त्याचे वर्णन वाचताना आजही मन भारावून जाते. एका शहराने आपल्या दुखण्याविरुद्ध असे एकदिलाने उभे राहावे, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ग्लासगोच्या दहा वर्षे आधीच अमेरिकेत असे काही उघडकीस आले होते की ज्याकडे, माझ्या मते, पुढे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. लहान फिल्म चांगली की मोठी, याचा निर्णय व्हावा म्हणून येरुशाल्मी प्रभृती संशोधकांनी साडेबाराशे माणसांच्या छातीची चित्रे चार निरनिराळ्या पद्धतींनी घेतली आणि ती पाच अनुभवी तज्ज्ञांपुढे स्वतंत्रपणे ठेवली. १९४७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता: फिल्मच्या प्रकारांत जो फरक पडला, त्याहून कितीतरी अधिक फरक तज्ज्ञातज्ज्ञांत पडला. एकाला जेथे रोग दिसला तेथे दुसऱ्याला काहीच दिसले नाही. इतकेच नव्हे, तर तेच चित्र काही काळाने त्याच तज्ज्ञाला पुन्हा दाखविले असता त्याने आपलाच पूर्वीचा निर्णय अनेकदा फिरविला. हे तज्ज्ञ हलगर्जी नव्हते. आपल्या विषयात ते निष्णात होते. चित्र वाचणे हा शेवटी मानवी निर्णय आहे आणि त्याला रुग्णाच्या हकिकतीचा व थुंकीच्या परीक्षेचा आधार लागतो, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिक परिश्रमांमुळेच जगासमोर आली.

स्वातंत्र्योत्तर भारतात या ज्ञानाची कसोटी लागली. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सहा विभागांत क्षयाची पाहणी केली, तेव्हा फोटोची यंत्रे गाड्यांवर चढवून आडवाटेच्या खेड्यांतही नेण्यात आली. क्षय हा शहरी गिरणगावांचा रोग, ही समजूत त्या पाहणीने समूळ उखडली. खेड्यांतही तो शहराच्या बरोबरीने नांदत होता, आणि दर हजारी दोन ते आठ माणसांच्या थुंकीत जंतू सापडत होते. एवढ्या विस्तीर्ण मुलखात प्रत्येकाचा फोटो काढणे अशक्य होते. त्यातच मद्रासच्या क्षयोपचार केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले की घरी राहून, एव्हाना निघालेली औषधे घेणारा रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होऊ शकतो. तेव्हा उपचार गावात होणार, मग निदान तरी गावाबाहेर का व्हावे?

याचे उत्तर तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिळाले. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतर्फे बॅनर्जी व आंडरसन यांनी तेथे क्षयग्रस्तांच्या घरोघरी जाऊन विचारपूस केली आणि १९६३ मध्ये ती प्रसिद्ध केली. खेडूत अज्ञानी असतो, आजार लपवितो, असा दरबारी समज होता; प्रत्यक्षात ज्यांच्या थुंकीत जंतू होते, त्यांतील बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्यांच्या आसपास माणसे स्वतःच्या पायांनी सरकारी दवाखान्यात जाऊनही आली होती. तेथे त्यांना काय मिळाले? खोकल्याचे औषध. मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटविलेली, मिश्रणाने भरलेली ती बाटली घेऊन क्षयाचा रुग्ण घरी परतत होता, आणि घरातल्या लेकरांच्या शेजारी खोकत होता. या अभ्यासाइतके मन विषण्ण करणारे, आणि त्याच वेळी आशा देणारे, कागद मी थोडेच वाचले आहेत. कारण दोष रुग्णाचा नसून दवाखान्याचा असेल तर तो दुरुस्त करता येतो.

१९६२ पासून आकारास आलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने म्हणूनच सूक्ष्मदर्शक यंत्र तालुक्याच्या व गावच्या दवाखान्यात ठेवले आणि फोटोचे यंत्र जिल्ह्याच्या केंद्रात. जो खोकत स्वतः दाराशी आला त्याची थुंकी तेथेच तपासावी. ज्याच्या बाबतीत शंका उरेल त्याला जिल्ह्याला पाठवावे. पुढे चेकोस्लोव्हाकियातील कोलीन जिल्ह्याने या धोरणास दुजोरा दिला: रहिवाशांचे फोटो ठराविक मुदतीने काढूनही संसर्गकारक रुग्णांपैकी बहुतेक जण दोन फेऱ्यांच्या दरम्यान लक्षणे घेऊन आपणहून डॉक्टरकडे आल्यामुळेच सापडत होते. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने सरसकट सामूहिक फोटो थांबविण्याचा सल्ला दिला.

असे असले तरी फोटो गावापासून कायमचा दूर ठेवावा, असा त्याचा अर्थ नव्हता. मोडलेले हाड, बालकाचा न्यूमोनिया, थुंकीत न सापडणारा क्षय, यांसाठी त्याची गरज होतीच. त्याच संघटनेने विजेचा भरवसा नसलेल्या जागी बॅटरीवर चालेल आणि अल्पशिक्षित कर्मचाऱ्यालाही हाताळता येईल असे साधे यंत्र पुरस्कारिले, व १९८५ मध्ये सामान्य डॉक्टरांसाठी चित्र वाचनाची पुस्तिका काढली. मला हे काम फार मोलाचे वाटते. यंत्राबरोबर वाचनाचे शिक्षणही द्यावे लागते, हे १९४७ चे सार निदान येथे तरी जमेस धरले गेले.

आता चक्र पुन्हा फिरले आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तीन लाखांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली, आणि फोटो काढला नसता तर तीत सापडलेल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के निसटले असते असे आढळले, कारण त्यांना सांगण्याजोगी लक्षणेच नव्हती. म्हणजे तुमकूरचा रुग्ण स्वतः चालत आला होता. हा रुग्ण येणारच नाही. त्याच्यासाठी हातात मावणारी यंत्रे खेड्यांत निघाली आहेत, आणि २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने संगणकाकरवी चित्र वाचण्यासही मान्यता दिली आहे. पण संगणकसुद्धा सावलीचा संशयच सांगतो. खात्री थुंकीच्या परीक्षेनेच होते, आणि ती करणारे, गोव्यात तयार होणारे बॅटरीवरचे ट्रूनॅट यंत्र आज तालुक्यापर्यंत पोहोचू शकते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला फोटोसाठी एक दिवस आणि थुंकीसाठी दुसरा दिवस बुडविता येत नाही. म्हणून ज्या दाराशी फोटो निघेल त्याच दाराशी, त्याच दिवशी थुंकीचा नमुना घेतला जाईल, अशी तजवीज जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीइतक्याच आग्रहाने झाली पाहिजे, असे माझे आरोग्यखात्याला आग्रहाचे सांगणे आहे.