नोंदवहीतली अमानत

शीतयुद्ध शिकवताना आम्ही शिक्षक बॉम्ब आणि क्षेपणास्त्रांवरच थांबतो. त्याच काळात, १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८, ‘आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष’ पाळले गेले. भारतासह साठहून अधिक देश त्यात होते. एकमेकांवर नेम धरून बसलेल्या अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही पृथ्वीविषयीच्या मोजमापांची केंद्रे उघडली.

याच उपक्रमासाठी ब्रिटिशांनी १९५६ मध्ये अंटार्क्टिकात हॅली हे ठाणे उभारले. तिथे सुरू झालेले ओझोनचे मोजमाप पुढेही चालू राहिले. काम कंटाळवाणे, फळ दिसत नव्हते. पण त्या जुन्या नोंदी होत्या म्हणूनच १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांना तिथल्या वसंत ऋतूत ओझोन किती घटतो आहे ते दाखवता आले. दोनच वर्षांनी मॉन्ट्रियल करार झाला आणि फ्रिज, स्प्रेमधली घातक रसायने हळूहळू बंद झाली.

उर्दूत आणि मराठीतही ‘अमानत’ म्हणजे विश्वासाने सांभाळायची ठेव. हॅलीच्या नोंदवह्या तशाच होत्या. मोजणी सुरू करणाऱ्यांना तिचा उपयोग माहीत नव्हता, तरी ती त्यांनी पुढच्यांच्या हाती नीट सोपवली. आज संशोधनाचा खर्च ‘वायफळ’ ठरवताना हे आठवायला हवे.