गल्लीचा वेग ठरवायचा कुणी?

इंग्लंडमध्ये वेगाची पाटी नसलेल्या रस्त्यावर मर्यादा किती, हे दिव्यांच्या खांबांवरून कळतं. खांब एकमेकांपासून दोनशे यार्डांहून लांब नसतील, तर मर्यादा ताशी ३० मैल. मी मूळची साताऱ्याची. इंग्लंडमधल्या एका नगरपालिकेच्या रस्ते विभागात नोकरी केली आणि राहत्या वस्तीत या ३० चे २० मैल करण्यात माझी बरीच वर्षं गेली. वेग ठरवण्याचा अधिकार गावाला किती उशिरा मिळाला, हे सांगायलाच हवं.

१८६५ च्या कायद्यानुसार स्वयंचलित वाहनांना गावात ताशी २ मैल, गावाबाहेर ४ मैल एवढीच मुभा होती. पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालायचा. १८९६ मध्ये मर्यादा १४ मैलांवर गेली, १९०३ मध्ये २० वर. या १९०३ च्या कायद्यात स्थानिक मंडळांना एक वाट मिळाली: एखाद्या रस्त्यावर १० मैलांची मर्यादा हवी असेल तर अर्ज करायचा. निर्णय मात्र लंडनमधल्या ‘लोकल गव्हर्नमेंट बोर्डा’चा.

१९३० मध्ये मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसं मेली. त्याच वर्षी कायदा झाला आणि १८ मार्च १९३५ पासून वस्तीत ३० मैल लागू झाले. वाहतूकमंत्री होते लेस्ली होर-बेलिशा. ही ३० ची मर्यादा जवळजवळ साठ वर्षं वस्त्यांमध्ये ठाण मांडून राहिली.

२० मैलांचे पहिले विभाग १९९१ मध्ये शेफील्ड, नॉरिच आणि किंग्स्टन इथे झाले. प्रत्येक विभागाला केंद्रीय मंत्र्यांची संमती लागायची. नव्वदच्या दशकात अशा फाइली मी तयार केल्या आहेत. रस्त्यावर रबरी नळ्या आडव्या टाकून गाड्यांचा वेग मोजायचा, पोलिसांकडून अपघातांच्या नोंदी आणायच्या, गतिरोधक आणि अरुंद केलेली तोंडं नकाशावर दाखवायची. सभेत आया विचारायच्या, “शाळेपुढचा रस्ता तुमचाच ना?” रस्ता आमचाच होता. खड्डे आम्ही बुजवत होतो, दिवे आम्ही लावत होतो. वेग तेवढा आमच्या हातात नव्हता.

या विभागांचा फायदा लवकरच दिसला. १९९६ च्या सरकारी आढाव्यात तिथले अपघात सुमारे ६० टक्के कमी झालेले आढळले. पायी किंवा सायकलवर असलेल्या मुलांचे तर ६७ टक्के. कारण साधं आहे. ३० मैलांवरची गाडी थांबायला २३ मीटर लागतात, २० मैलांवर १२. चेंडूमागे धावत आलेलं मूल या अकरा मीटरांत वाचतं.

१९९९ मध्ये संमतीची अट गेली. २० मैलांचा विभाग आखायचा की नाही, हे नगरपालिका स्वतः ठरवू लागल्या. पोर्ट्समथने २००८ पर्यंत शहरातल्या बहुतेक सगळ्या रहिवासी रस्त्यांवर नुसत्या पाट्या लावून २० मैल आणले. सरासरी वेग जेमतेम मैलभराने उतरला. पाटी स्वस्त असते. वेग खरोखर उतरवायला रस्त्याची रचनाही बदलावी लागते, हे तिथे दिसलं.

वेल्सने १७ सप्टेंबर २०२३ ला नियमच उलटवला. दिव्यांच्या रस्त्यांवर मूळ मर्यादा २०, आणि कुठे ३० ठेवायची ते स्थानिक कौन्सिलने सांगायचं. विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. मग कौन्सिलांनी एकेक रस्ता पुन्हा तपासायला घेतला. मला हेच योग्य वाटतं. ज्यांना तो रस्ता रोज ओलांडायचा असतो, त्यांना निर्णय घेणाऱ्यासमोर उभं राहून वाद घालता यायला हवा.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार वेगमर्यादा कमी करण्याचा अधिकार राज्य सरकारचा, किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा. गल्लीतला रस्ता महापालिका बांधते. कायद्यात वाट आहेच: राज्याने महापालिका आणि नगरपालिकांना हे प्राधिकारी नेमावं. हरकती ऐकायची, कारणं लेखी द्यायची आणि वेग मोजून आकडे जाहीर करायची अट घालावी. मग शाळेपुढची गाडी हळू का होत नाही, याचा जाब आईबापांना आपल्याच वॉर्डातल्या नगरसेवकाला विचारता येईल.